यादीला कोणी हसत नाही

मला बघायला आलेल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला तो पिक्चरचा.

आमच्या दहिवलीच्या घरातली पुढची खोली माणसांनी भरली होती. त्याची आई, मामा आणि मामी एका बाजूला. माझे आईवडील आणि आत्या दुसऱ्या बाजूला. पोहे झाले, चहा झाला, मग त्याच्या मामांनी "पोरांना जरा बोलू द्या" म्हटलं तसे आम्ही दोघं गच्चीवर गेलो. गच्चीत आईने मिरच्या वाळत घातल्या होत्या. तो मिरच्यांच्या पलीकडे उभा राहिला, मी अलीकडे. आता हा पगार विचारेल, नाहीतर लग्नानंतर नोकरी करणार का ते विचारेल, असं मला वाटत होतं. आधीच्यांनी तेच विचारलं होतं.

"तुमचा सगळ्यात आवडता पिक्चर कुठला?" तो म्हणाला.

मी विचार न करता नाव सांगून टाकलं. एक मराठी विनोदी पिक्चर. मी शाळेत असताना तो कर्जतला लागला होता. आई, आत्या आणि मी, तिघी गेलो होतो. आत्या इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईने मागे वळून तिला आपली पाण्याची बाटली दिली. हे मी सांगतच होते, तोवर त्याने फोन काढून पिक्चरचं नाव टाकलं होतं.

"रेटिंग फार खाली आहे याचं," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात कुचकेपणा अजिबात नव्हता. उद्या पाऊस आहे असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

"खाली म्हणजे?"

"म्हणजे लोकांना फारसा आवडलेला नाही."

"आम्हाला आवडला होता," मी म्हटलं.

मग त्याने मला त्या यादीबद्दल सांगितलं. जगातले सर्वोत्तम शंभर पिक्चर. लाखो लोक ऑनलाइन मतं देतात आणि त्यातून क्रम ठरतो. त्याने शंभरच्या शंभर पाहिले होते, काही दोनदा. तो पुण्याला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. मूळ घर शेजारच्या खालापूर तालुक्यात, आई तिथेच राहायची, हा शनिवार-रविवारी यायचा. हे सगळं सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. खाली गेल्यावर त्याने स्वतःचा चहाचा कप उचलून मोरीत नेऊन ठेवला. ते आईने बघितलं. पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "पोरगा बरा हाय गं. कप उचलला त्यानं."

मी होकार दिला तो काही कपामुळे नाही. त्याने मला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट बघितली, हे मला आवडलं होतं. पण त्या संध्याकाळी मी फोन घेऊन बसले आणि त्या विनोदी पिक्चरचं रेटिंग स्वतः शोधून काढलं. खरंच खाली होतं. खाली लोकांनी लिहिलेलंही वाचलं. कोणी लिहिलं होतं, वेळ वाया गेला. कोणी लिहिलं होतं, असल्या पिक्चरांमुळेच मराठी सिनेमा मागे राहिला. मला राग आला. पण तेव्हापासून त्या पिक्चरची आठवण आली की आत्याची उचकी आठवायच्या आधी मला तो आकडा आठवायला लागला. हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही.

साखरपुडा विहारात साधाच झाला. लग्न भात निघाल्यावर करायचं ठरलं. मधले महिने फोनवर बोलण्याचे. त्या महिन्यांत तो मला दर आठवड्याला यादीतला एक पिक्चर पाठवायचा आणि रविवारी विचारायचा, "कसा वाटला?"

मी खालापूरला एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त घ्यायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट काढायचे. दहिवलीहून स्कूटीवर निघायचं, चौक गावापर्यंत जायचं, तिथून जुन्या हायवेने खालापूर. सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांची गर्दी असते, ती ओसरली की दुपारी जरा मोकळा वेळ. त्या वेळात डबा खाताखाता मी पिक्चर बघायचे. एखादा माणूस शेतातून चालत येतोय, येतोय, येतोय, आणि तो जवळ पोचेपर्यंत दारात कोणीतरी शुगर तपासायला उभं. पिक्चर थांबवायचा, सुई लावायची, परत चालू करायचा. तो माणूस अजून चालतोच आहे.

घरी बघितला तरी तेच. मला एका जागी बसवत नसे. मी उठून पाणी पिऊन यायचे, खिडकी उघडायचे, परत लावायचे. पिक्चर संपत आला की मी मनात वाक्यं जुळवायला लागायचे, कारण आता उत्तर द्यायचं होतं.

"खरं सांगू? मला मध्ये झोप आली," मी एकदा म्हटलं.

"परत बघ," तो म्हणाला. "पहिल्या वेळी मलाही आली होती. दुसऱ्यांदा कळतो."

तो तोवर मला 'तू' म्हणायला लागला होता. मी अजून 'तुम्ही'वरच होते, कारण मी बोलायचे तेव्हा आई आसपास भाजी निवडत बसलेली असायची.

मी परत बघितला. परत झोप आली. मग मला वाटायला लागलं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. लॅबमध्ये एखादं उत्तर विचित्र आलं, तर आम्ही आधी मशीनवर संशय घेतो. म्हणून तर रोज सकाळी पहिलं काम म्हणजे मशीनला कंट्रोल लावणं, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सॅम्पल. ते बरोबर आलं तरच पुढची रक्तं लावायची. पिक्चरच्या बाबतीत मी उलटं करत होते. यादी बरोबरच आहे असं धरून मी रोज स्वतःलाच तपासत होते आणि रोज माझाच रिपोर्ट बिघडलेला येत होता.

असंच चाललं असतं. पण एक दिवस स्कूटीचा ब्रेक लागेनासा झाला म्हणून मी चौकला आत्याच्या मुलाच्या गॅरेजवर थांबले. तो माझ्याहून मोठा आहे, दोन मुलींचा बाप आहे. तो आणि त्याचे दोन-तीन मित्र ट्रकच्या टायरवर बसून फोनमध्ये डोकं घालून होते.

"काय चाललंय रं?" मी विचारलं.

"मतं देतोय." त्याने मान वर न करता सांगितलं. "आपल्या हिरोचा पिक्चर येतोय ना. दहापैकी दहा टाकायचे. आन् त्याच दिवशी तो दुसरा येतोय, त्याला एक. सगळ्या ग्रुपला मेसेज हाय."

"पण तू बघितलास का पिक्चर?"

"अजून लागलाच नाय, तर बघू कसा?"

"मग मत कसं घेतात ते?"

"घेतात की. हे बघ, गेलं." त्याने मला फोन दाखवला. एका ईमेलने मत देऊन झालं की दुसरा ईमेल. बायकोचा, मेव्हण्याचा. मग हात पुसून त्याने माझा ब्रेक बघितला आणि अगदी मन लावून दुरुस्त केला. नंतर रस्त्यावर चालवून बघितला, परत आणला, परत एक नट आवळला.

स्कूटी चालवत घरी येताना माझ्या डोक्यात एकच होतं. ब्रेकच्या बाबतीत ज्याला एवढी काळजी, तो माणूस मत देताना असा. रात्री फोन आल्यावर मी ते सगळं सांगितलं. वाटलं, हा हादरेल.

तो हसला. "माहीत आहे मला. असले प्रकार होतात, म्हणून तर ते लोक नुसती सरासरी काढत नाहीत. खोटी मतं ओळखायची पद्धत असते. शिवाय नवीन पिक्चर लगेच यादीत येत नाही. मी तपासायचंच काम करतो ना, मला कळतं ते."

"सगळी खोटी ओळखतात?"

"सगळी नाही. पण लाखो मतांत दहा-वीस खोटी असली तर काय फरक पडतो? एवढे लाखो लोक चुकतील का?"

"त्या लाखोंत माझी आई नाही," मी म्हटलं. "आत्या नाही. तुमच्या आई नाहीत. पिक्चर तर त्यांनी आपल्यापेक्षा जास्त बघितलेत."

तो म्हणाला, "त्यांनी मत द्यायला नको म्हटलंय का कोणी?"

त्यावरची उत्तरं मला फोन ठेवल्यावर सुचली.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर मी त्या यादीवर अन्याय करेन. यादीत बरीच खाली, शेवटाकडे, एक काळापांढरा पिक्चर होता. कुठल्याशा परक्या भाषेतला. एका लहान बंदरावर राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या बहिणी. थोरलीची नजर जात चालली आहे आणि धाकटी तिला ते जाणवू नये म्हणून घरातली प्रत्येक वस्तू रोज त्याच जागी ठेवत राहते. कप तिथेच, चप्पल तिथेच. बस, एवढाच पिक्चर. तो मी स्वयंपाकघरात भाताला आधण ठेवून उभ्याउभ्या चालू केला, आणि भात करपला तरी मी हलले नाही. तो पिक्चर मला कर्जतला कधी दिसला नसता. कोणी सांगितलाही नसता. यादीनेच आणून दिला.

करपलेल्या भाताबद्दल आई ओरडली तेव्हा मी तिला ती गोष्ट सांगितली. आईने भांडं घासता घासता सगळी ऐकली.

"मग थोरलीला कळलेलं असंल," ती म्हणाली.

"छे गं. तिला कळू नये म्हणून तर ती सगळं करते."

"स्वतःची नजर जाते ते माणसाला कळत नाय का? ती धाकटीसाठी गप बसली असंल."

मी शेवटचा भाग पुन्हा लावून बघितला. मला ठरवता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

त्या रविवारी "कसा वाटला?" विचारल्यावर मी इतकं बोलले की त्याला शब्दच घालता येईना. तो खूश झाला. त्या खुशीतच त्याने ठरवलं की पुढच्या रविवारी आमच्याकडे येऊन सगळ्यांना मिळून नंबर एकचा पिक्चर दाखवायचा.

तो खरंच आला. बॅगेत लॅपटॉप, टीव्हीला जोडायची वायर, छोटा स्पीकर. आईने कोंबडीचं कालवण केलं होतं. आत्यालाही बोलावलं होतं. जेवणं झाली, पडदे ओढले, आणि पिक्चर सुरू झाला.

खाली अक्षरं इंग्रजीत. आई-आत्याला ती वाचता येणार नव्हती, हे त्याच्या लक्षात आलंच नव्हतं. मग तोच एकेक वाक्य मराठीत सांगायला लागला. पडद्यावरचे लोक भरभर बोलत होते आणि हा त्यांच्या मागे धावत होता. थोड्याच वेळात त्याचा घसा बसला.

"हा कोण? मघाचाच का?" आत्या विचारायची.

"नाही, हा दुसरा. मघाचा त्याचा भाऊ."

"दोघंबी गोरे, कळत नाय बाई."

तो पिक्चर थांबवायचा, नाती समजावून सांगायचा, परत चालू करायचा. माझे वडील आधी ताठ बसले होते. जावई आलाय म्हणून झोप आवरत होते. मग त्यांची मान हळूहळू छातीवर आली. मी त्यांना कोपराने ढोसलं. ते दचकून "छान हाय, छान हाय" म्हणाले आणि परत झोपले. मी स्वतः दोनदा उठून चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले. मला कोणाकडे बघावं तेच कळत नव्हतं, पिक्चरकडे, घरच्यांकडे, की त्याच्या कपाळावरच्या घामाकडे.

अर्ध्यावर त्याने पिक्चर थांबवला. "आवडत नाहीये ना तुम्हाला?"

"तसं नाय ओ," आई घाईने म्हणाली. "चांगलाच असंल. एवढे लोक म्हनतात तर." आणि मग, त्याला बरं वाटावं म्हणून, तिने विचारलं, "तुमाला कुठला आवडतो? तुमाला सोताला."

"हाच."

"हाच? का ओ?"

तो बोलायला लागला. कॅमेरा कसा ठेवलाय, दिग्दर्शकाने उजेड कसा वापरलाय. आईने नीट ऐकून घेतलं.

"ते झालं," ती म्हणाली. "पन बघताना तुमाला काय वाटतं?"

आईने हे सहज विचारलं होतं. मी तिथे होते, मी तिचा चेहरा बघितला आहे, तिच्या मनात काहीच नव्हतं. पण तो उठला. "पाणी पितो जरा," म्हणून आत गेला. बाहेर आला तो वायर गुंडाळायलाच लागला. पुण्याची गाडी लवकर पकडायची आहे म्हणाला. उरलेला पिक्चर कोणी मागितला नाही.

"मी काय वाकडं बोलले का गं?" आईने विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि तरी रात्रीपर्यंत आईवरच चिडचिड करत राहिले.

त्या आठवड्यात पिक्चर आला नाही. फोन यायचा, पण जेवलीस का, झोपलीस का, एवढाच. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट दुपारी डबा उघडला की फोनकडे हात जायचा. काही पाठवलंय का बघायचे, आणि पाठवलेलं नाही म्हणून अस्वस्थ व्हायचे. लग्नाचा हॉल बघून झाला होता, पत्रिका छापायला द्यायच्या होत्या. या माणसाला यादीतलं सगळं माहीत आहे, पण त्याला स्वतःला काय आवडतं ते सांगता येत नाही. मग मी त्याला आवडले हे तरी कशावरून? कोणीतरी चांगलं म्हटलं म्हणून? मी वडिलांना विचारलं, "आप्पा, लग्न पुढे ढकललं तर?"

वडील खोपोलीकडच्या एका कारखान्यात आयुष्यभर शिफ्ट करून आता घरी बसलेले. त्यांनी रेडिओ बारीक केला. "ढकलायचं तर ढकलू. पर आधी त्याच्याशी बोल. माझ्याशी बोलून काय उपयोग?"

मी बोलायच्या आधी तोच आला. मधल्या वारी, कामाचा दिवस असताना. पुण्याच्या बसमधून टोलनाक्यापाशी उतरून रिक्षाने सरळ लॅबमध्ये. मला वाटलं, त्याच्या आईला बरं नाही. "कोणी आजारी नाही," तो म्हणाला. "तुला वेळ आहे का?"

गर्दी संपली होती. आम्ही रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जाऊन बसलो. बाहेर तहसील कचेरीत आलेल्या लोकांची वर्दळ. त्याने चहा मागवला आणि तो यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

बारावीनंतर तो पुण्याच्या हॉस्टेलला गेला. पहिल्याच आठवड्यात पोरं एका खोलीत बसून एकमेकांना आवडता पिक्चर विचारत होती. कोणी इंग्रजी नाव सांगितलं, कोणी आणखी कुठलं. याची पाळी आली. याने खरं सांगितलं. गावाला, विहारासमोरच्या पटांगणात, कापडी पडद्यावर बघितलेला एक मराठी पिक्चर.

"एकाने मला नाव परत सांगायला लावलं," तो म्हणाला. "मग सगळे एकदम हसले. नुसते हसले असते तर चाललं असतं. पण वर्षभर ते मला त्यावरून..." तो थांबला. "मग मला ही यादी सापडली. मी एकेक करून सगळे बघितले. नंतर कोणी विचारलं की मी यादीतला पहिला सांगायचो. यादीला कोणी हसत नाही."

"तुम्ही स्वतः किती मतं दिलीत त्यात?" मी विचारलं.

"एकही नाही."

"शंभर पिक्चर बघून?"

"किती द्यायचे तेच कळायचं नाही मला. आधी बघायचो, लोकांनी किती दिलेत ते."

चहा आला. मी विचारलं, "तो गावातला पिक्चर कुठला?"

त्याने चहावर फुंकर घातली. मी पुन्हा विचारलं. मग टेबलाकडे बघत त्याने नाव सांगितलं.

मी हसले. हसायचं नव्हतं, पण तो पिक्चर मला माहीत होता. त्यात शेवटी एक बैल कोर्टात साक्ष देतो. वकील प्रश्न विचारतो आणि बैल मान हलवतो. चहा माझ्या नाकात गेला, मी खोकत होते आणि हसत होते, आणि माझ्या लक्षात आलं की तो हसत नाहीये.

"मी बाहेरून गेलो की खोलीखोलीतून हंबरायचे," तो म्हणाला.

तो उठला, काउंटरवर चहाचे पैसे दिले आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मी मागोमाग गेले. हायवेकडून ट्रकचे आवाज येत होते. चुकलं म्हणावं तर ते हसू खरं होतं. बैल खरंच हसण्यासारखा होता.

"लॅबला कुलूप लावून येते," मी म्हटलं. "घरी चल. तो पिक्चर बघू."

'चल' म्हणून गेले ते नंतर माझ्या लक्षात आलं.

"नको," तो म्हणाला. पण स्कूटीवर मागे बसला.

आई अचानक दोघांना बघून गडबडली. मी तिला पिक्चरचं नाव सांगितलं तर ती हात पुसत बाहेरच आली. "अगं तो? मी तीनदा बघितलाय." पिक्चर फुकटात सापडला, नेटवर होता तसाच, रंग उडालेला, आवाज मागेपुढे. आम्ही तिघं बसलो. वडील बाहेर गेले होते.

मी खरं तेच लिहिते. पिक्चर वाईट होता. लहानपणी तुकड्या-तुकड्यांत बघितला होता त्यापेक्षाही वाईट. सासू खोटी, गाव खोटा, पाऊस तर नळीने पाडलेला. मी फोनवर त्याचं रेटिंग हळूच बघितलं. तळाला होतं, आणि या वेळी माझं त्या लाखो लोकांशी जमलं. मला पुन्हा उठून आत जावंसं वाटत होतं.

पण तो पुढे सरकून बसला होता. त्याचे ओठ हलत होते. त्याला सगळे संवाद पाठ होते. थोड्या वेळाने बघते तर आईचेही ओठ हलत होते. नायकाची आई त्याला घराबाहेर काढते तिथे दोघांनी एकदमच वाक्य म्हटलं, आणि एकमेकांकडे बघून ओशाळून हसले. बैलाच्या साक्षीच्या वेळी आई रडली. तो रडला नाही. गुडघ्यावर हात ठेवून बसला होता, उठायच्या बेतात असल्यासारखा.

"आता सांगा," पिक्चर संपल्यावर आई म्हणाली. "काय वाटतं?"

"वाईट आहे पिक्चर," तो म्हणाला. "मला कळतं ते. पण तेव्हा बैलाने मान हलवली ना, तेव्हा आख्खं पटांगण उभं राहिलं होतं. म्हातारी माणसंसुद्धा. मीही उभा राहिलो."

"म्हणजे तिथेही लोकांचं बघूनच," मी म्हटलं.

माझ्या तोंडून गेलं आणि वाटलं, आता हा परत वायर गुंडाळणार. त्याने विचार केला.

"हो," तो म्हणाला. "असेल. पण ते लोक मला दिसत होते."

आई म्हणाली, "जेवून जा आता," आणि आत गेली.

पत्रिका छापल्या. भात निघाल्यावर विहारात आमचं लग्न झालं, पांढऱ्या साडीवर आत्याने कालवणाचा डाग पाडला, बाकी सगळं नीट झालं. आता आम्ही कर्जतला भाड्याने राहतो. तो आठवड्यातले काही दिवस घरून काम करतो, बाकीचे दिवस पुण्याला. मी खालापूरलाच जाते.

यादीवर विश्वास ठेवावा का, हे मला कोणी विचारलं तर मी अजून नीट सांगू शकत नाही. गॅरेजवरची मतं मी डोळ्यांनी बघितली आहेत, आणि त्या दोन बहिणीही मला त्याच यादीतून भेटल्या आहेत. माझ्या विनोदी पिक्चरच्या बाबतीत यादी चुकली असं मला वाटतं, बैलाच्या बाबतीत बरोबर होती असंही वाटतं, आणि दोन्हीकडे माझीच माणसं बसलेली होती म्हणून माझं वाटणंही कितपत धरावं ते कळत नाही. कामावर असते तर मी म्हटलं असतं, दुसरं सॅम्पल घ्या. पिक्चरच्या वेळी जो माणूस तिथे बसलेला असतो, त्याचं दुसरं सॅम्पल मिळत नाही.

आमच्यात भांडणं होतात ती यावरूनच जास्त. बघायला काय लावायचं हे ठरवता ठरवता जेवण निवतं. तो म्हणतो, रेटिंग तरी बघू दे, अंदाज येतो. मी म्हणते, एकदा तरी न बघता लाव. मी म्हणते खरी, पण तो आंघोळीला गेला की मीच हळूच बघते. गेल्या महिन्यात त्याने पहिल्यांदा स्वतः मत दिलं. कुठल्या पिक्चरला आणि किती, ते सांगत नाही. "मतदान गुप्त असतं," म्हणतो.

परवाच्या रविवारी आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. नवीन मराठी पिक्चर. ठरवून गेलो होतो की आधी काही बघायचं नाही. अर्ध्याहून कमी थिएटर भरलेलं. मध्यंतरात तो पॉपकॉर्न आणायला गेला आणि यायला फार वेळ लावला. आला तेव्हा फोन खिशात ठेवत होता. मी विचारलं नाही. उरलेला वेळ मी पडद्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होते, हसतोय का, कंटाळलाय का, त्याने बाहेर फोनवर काय वाचलं असेल. त्यामुळे शेवट माझ्याकडून निसटला. नायिका घरी परत गेली की स्टेशनवरच थांबली, ते मला कळलं नाही.

"परत गेली," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"मला नाही वाटत. बॅग तिच्या हातातच होती."

"अगं, बॅग हातात घेऊनच घरी जातात ना माणसं."

"मग दार का नाही दाखवलं?"

स्कूटी मी चालवत होते, तो मागून कानाशी बोलत होता, आणि वाऱ्यात अर्धं ऐकू येत नव्हतं. नदीच्या पुलावर मी स्कूटी बाजूला घेतली आणि म्हटलं, "आता नीट सांग. तुला काय दिसलं? सुरुवातीपासून सांग."